बॉयलर घ्यावा तर जास्तीचा

"बॉयलर निवडायचा म्हणजे काय लग्नाची मुलगी बघायचीय?" ग्लेब तारासोविच चिबिसोव गरजला. "तीस वर्षं मी कोस्त्रोमा शहरातल्या लिफ्ट तपासल्या! मी सही केलेली एक लिफ्ट कधी पडली नाही! आणि मला म्हणे बॉयलर निवडता येणार नाही!"

खरं तर असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्याची बायको रिम्मा एवढंच म्हणाली होती, की दुकानात जातोच आहेस तर जाणत्या माणसाला विचारून घे. पण ग्लेबला राग यायला तेवढं पुष्कळ होतं. निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी चहाबरोबर रागवायचा, आणि चहा संपला तरी त्याचा राग शिल्लक असायचा.

आता या बॉयलरवर काय काय अवलंबून होतं ते आधी सांगायला हवं. सिनित्सिनो गावात ग्लेबचं एक लाकडी घर होतं. तीन खोल्या, मागे वाफेची न्हाणी, चार सफरचंदाची झाडं आणि उतारावर नदी. उन्हाळ्यात सगळेच तिथे जात. ग्लेबला मात्र आता बारा महिने तिथेच राहायचं होतं. गोठलेल्या नदीला भोक पाडून मासे धरावेत, मनात येईल तेव्हा लाकडं फोडावीत, आणि 'अहो, लिफ्ट अडकलीय' असं सांगायला जन्मात कुणाचा फोन येऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं. नोकरीची शेवटची दहा वर्षं तर त्याने या एका आशेवर काढली होती.

रिम्मा काही केल्या तयार होत नव्हती. शहरातल्या फ्लॅटमध्ये पालिकेच्या नळ्यांतून आपोआप ऊब यायची. ती कमी करता येत नसे, जास्त करता येत नसे. फारच उकडलं तर खिडकीतली वरची छोटी झडप उघडायची आणि बाहेरच्या बर्फाळ हवेला आत घ्यायचं. कोस्त्रोमातली सगळी माणसं जन्मापासून हेच करत आली होती. शिवाय त्याच इमारतीत, शेजारच्याच जिन्यावर रिम्माची थोरली बहीण निनेल राहत होती. निनेल ओसिपोव्हना, निवृत्त मुख्याध्यापिका! सिनित्सिनोत एकदा मे महिन्यात तिला सर्दी झाली होती, आणि तेव्हापासून ती त्या घराला 'बर्फाचं गोदाम' म्हणत असे.

"ऐक," शेवटी रिम्मा म्हणाली. "जानेवारीतलं जुनं नववर्ष, जुन्या पंचांगाचं, आपण गावी करू. निनेलही येईल. चार दिवस राहू. त्या चार दिवसांत मला एकदा जरी थंडी वाजली, तर वसंतात घर विकायचं. पुन्हा विषय काढायचा नाही."

"आणि नाही वाजली तर?"

"तर मी बाडबिस्तरा घेऊन तिकडे येते."

"लिही! कागदावर लिही!"

"माझा शब्द आहे तो. कागद कशाला?"

म्हणजे आता फक्त एक चांगला बॉयलर हवा होता. ग्लेब सिनित्सिनोला गेला आणि कुंपणाशी उभा राहून शेजाऱ्याशी, येफिमशी बोलू लागला. विचारायला म्हणून नव्हे हं! नुसता सांगायला.

"गॅसचा घेणार," ग्लेब म्हणाला.

"गॅस कुठाय?" येफिमने विचारलं. "पिवळी नळी पलीकडच्या गावात येऊन थांबलीय."

"येत्या वसंतात इकडे येणार आहे!"

"येणार ना. माझ्या थोरल्याच्या बारशापासून येणारच आहे. त्याला आता टक्कल पडलं."

"मग विजेचा घेईन!"

"घे की. माझ्या बायकोने इस्त्री लावली की अख्ख्या गल्लीचे दिवे डोळे मिचकावतात. तू बॉयलर लाव, म्हणजे जिल्हाभर अंधार."

ग्लेबला याचा इतका राग आला, की जणू त्या तारा येफिमनेच ओढल्या होत्या. लाकडाचा घ्यावा, तर रिम्माने आधीच बजावून ठेवलं होतं, की झोपेतून उठून विस्तवात लाकूड सारणाऱ्या नवऱ्याशी माझा काही संबंध राहणार नाही. उरला तो भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारा. वरच्या टाकीत गोळ्या ओतायच्या, बाकीचं यंत्र आपलं आपण बघतं. हवं तेवढं जाळतं, नको तेव्हा थांबतं.

"तोच घेणार होतो मी पहिल्यापासून!" ग्लेब म्हणाला. "पण लक्षात ठेव, येफिम, घ्यायचा तर थोडा जास्तीचा. हिशोबाने साठ चौरस मीटरला सहा किलोवॅटचा पुरतो म्हणे. सहा! लिफ्टचा दोर माहितीय? जेवढं वजन उचलायचं त्याच्या दहापट पेलणारा असतो! का? कारण जगात काय होईल सांगता येत नाही!"

"सहा म्हणजे थट्टाच," येफिमने मान डोलावली. "दहाचा घे. आमच्याकडे उत्तरेचा वारा सुटतो ना, त्याचे दोन वेगळे धर. बारा. आणि तुझी ती मेव्हणी येणार आहे का?"

"येणार आहे."

"पंधरा," येफिम म्हणाला, आणि त्याने खिशातून काढलेली खारवलेली काकडी कडकन चावली.

तर पंधराचा आकडा डोक्यात घेऊन ग्लेब शहरातल्या दुकानात शिरला. तिथे एदुआर्द नावाचा टाय लावलेला विक्रेता होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टर विचारतो तसं एकेक विचारायला लागला.

"भिंती?"

"लाकडी."

"फटी?"

"माझ्या घरात फटी?" ग्लेब भडकला. "ओंडक्यांमध्ये शेवाळ ठासून बसवलंय मी! स्वतःच्या हाताने!"

"म्हणजे आहेत," एदुआर्द म्हणाला. "वीसचा धरू. घरात वयस्क मंडळी?"

"थोरली मेव्हणी. पाहुणी म्हणून."

"थंडीची तक्रार करतात?"

"मे महिन्यात सुद्धा करतात."

एदुआर्दने इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि ग्लेबला कोपऱ्यातल्या एका यंत्रापाशी नेलं. कपाटाएवढं राखाडी धूड होतं ते. त्याच्या पोटावर छोटा चमकता पडदा होता.

"चाळीस किलोवॅट," एदुआर्द कुजबुजला.

"हा एरवी कुठे बसवतात?"

"शाळेत. म्हणजे, छोट्या शाळेत."

"मेव्हणी मुख्याध्यापिका होती," ग्लेब म्हणाला.

"मग तर प्रश्नच मिटला!"

आणि खरंच, ग्लेबचा प्रश्न मिटला. इतक्या जास्तीच्या बॉयलरपुढे थंडी काय टिकणार? पावती घेताना त्याचा ऊर भरून आला होता. एवढं मनासारखं काही त्याने आयुष्यात विकत घेतलं नव्हतं.

बॉयलर दारातून आत जाईना. बसवणारा निकानोर म्हणाला, दार काढू. दार काढलं, तरी जाईना. मग चौकट काढली. निकानोरही आपल्याच पंथातला निघाला. प्रत्येक खिडकीखाली एक रेडिएटर ठरला होता, त्याने दोन-दोन लावले आणि घरातल्या बोळात एक वेगळाच. "हा कशाला?" ग्लेबने विचारलं. "असू दे," निकानोर म्हणाला. ग्लेबला उत्तर अगदी पटलं.

काम झालं, चौकट परत बसली. आता नवी वस्तू घरात आली की तिच्या नावाने ग्लास रिकामे करावे लागतात, नाहीतर ती पहिल्याच महिन्यात बिघडते, हे काय सांगायला हवं? येफिम आला, काकड्या आल्या, काळा पाव आला. पहिला ग्लास बॉयलरच्या नावाने झाला. दुसरा त्याच्या पंपाच्या नावाने झाला. तिसऱ्याच्या वेळी निकानोरने खिशातून एक पांढरी डबी काढली.

"ही भिंतीवर लावायचीय," तो म्हणाला. "ही घरात किती ऊब आहे ते बॉयलरला कळवते. कुठे ठोकू?"

"तापमान मोजते ना?" ग्लेबने छाती पुढे काढली. "मग तिची जागा कुठली? खिडकीत! माझ्या बापाचा थर्मामीटर खिडकीत होता, त्याच्या बापाचा खिडकीत होता! ती बघ, झडपेखाली खिळा तयारच आहे!"

"खिडकीत," येफिमनेही दुजोरा दिला.

निकानोरने जरा विचार केल्यासारखं केलं. पण ग्लास भरलेला होता. त्याने डबी झडपेखाली अडकवली, बॉयलरवर बावीस अंश ठरवून दिले आणि बोट उगारलं. "बटणांना हात लावायचा नाही! वॉरंटी जाईल! आणि कडाक्यात बंद करायचा नाही! नळ्या फुटतील!"

"कोण लावतोय हात!" ग्लेब म्हणाला, आणि चौथा ग्लास वॉरंटीच्या नावाने झाला.

जुन्या नववर्षाच्या आदल्या दिवशी तिघं सिनित्सिनोला पोचली तेव्हा बाहेर उणे अठ्ठावीस होतं. निनेल ओसिपोव्हना दोन कोट, तीन शाली आणि गुडघ्यापर्यंतचे लोकरी बूट घालून आली होती. तिच्या हातात तिच्या खास खोलोदेत्सची परात होती. डुकराचे पाय तासन्‌तास शिजवून, गार करून थिजवलेला तो रस्सा! चाकूने वड्या कापाव्यात इतका घट्ट.

"या, निनेल ओसिपोव्हना, या बर्फाच्या गोदामात!" ग्लेबने दार उघडलं.

आतून ऊब अंगावर आली. बाईंनी पहिली शाल काढली. मग दुसरी. मग तिसरी. रिम्माने भिंतीला हात लावून बघितला आणि ती हसली. ग्लेबला वाटलं, झालं! जिंकलो! घर आपलं!

जेवायला बसली तेव्हा पंचवीस अंश झाले असावेत. चाळीस किलोवॅटचं जनावर ते, बावीसवर थांबायचं म्हटलं तरी त्याला थांबायला वेळ लागणारच.

"जरा गरम होतंय, नाही?" निनेल म्हणाली.

"गरम!" ग्लेब खूश झाला. "ऐकलंस, रिम्मा? बाईंना गरम होतंय! सिनित्सिनोत! जानेवारीत!"

निनेल उठली आणि तिने जन्मभर जे केलं तेच केलं. खिडकीतली छोटी झडप उघडली. गार हवेचा लोट आत आला, सगळ्यांना बरं वाटलं, आणि पलीकडच्या खोलीत बॉयलर घुरघुरला.

पाच-दहा मिनिटांत अठ्ठावीस झाले. निनेलने झडप पूर्ण उघडली. बॉयलर गरजला. तीस झाले. रिम्माने स्वेटर काढून नुसत्या झग्यावर बसणं पसंत केलं. कोपऱ्यात नववर्षासाठी उभ्या केलेल्या फरच्या झाडाच्या सुया सरसर गळायला लागल्या. भिंतीवरचा कागद एका कोपऱ्यातून सुटला आणि हळूहळू खाली वाकला.

"ग्लेब, कमी कर ना ते," रिम्मा म्हणाली.

"आपोआप कमी होतं! यंत्र आहे ते! त्याला कळतं!" असं म्हणत ग्लेब बॉयलरपाशी गेला, आणि त्याच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास बसेना. पडद्यावर लिहिलं होतं: घरातलं तापमान, नऊ अंश.

"नऊ?" ग्लेब ओरडला. "कुणाला सांगतोस नऊ? माझ्याकडे बघ! बनियन पिळून काढता येईल! नऊ म्हणे!"

बॉयलरने ऐकून घेतलं. पडद्यावर आठ आले, आणि आत ज्वाळा आणखी उंच झाली.

ग्लेबने संतापून एदुआर्दला फोन लावला.

"नववर्षाच्या शुभेच्छा!" एदुआर्द म्हणाला. "बॉयलर पेटत नाही का?"

"पेटतोय! थांबत नाही! म्हणतो घरात आठ अंश आहेत!"

"मग गारठलेच असाल तुम्ही."

"आम्ही भाजून निघालोय!"

"बॉयलर खोटं बोलत नाही, साहेब. कुणाला तरी थंडी वाजतेय तिथे. नीट चौकशी करा."

ग्लेबने फोन आपटला आणि निकानोरला लावला. त्याच्या बायकोने उचलला. "तो सुट्टीवर आहे," ती म्हणाली.

"कुठे गेलाय?"

"कुठे जाईल? इथेच, सोफ्यावर आहे. पण सुट्टीवर आहे." मग मागून निकानोरचाच आवाज आला, "बटणांना हात लावू नका म्हणावं! वॉरंटी!"

ग्लेब परत आला तर निनेल ओसिपोव्हना टेबलापाशी उभी होती. समोर खोलोदेत्सची परात होती आणि त्यात खोलोदेत्स नव्हता. होता तो पातळ रस्सा, आणि त्यात गाजराच्या चकत्या पोहत होत्या.

"चाळीस वर्षं मी हा पदार्थ करतेय," निनेल म्हणाली. "एकदाही वितळला नाही. शाळा तपासायला माणसं आली होती तेव्हा सुद्धा नाही!"

"सूप म्हणून घ्या," ग्लेब म्हणाला. त्याचं आपलं समजावणं. पण निनेलने त्याच्याकडे असं बघितलं, की मुख्याध्यापिका असताना त्या नजरेने किती पोरं शाळा सोडून गेली असतील याचा त्याला अंदाज आला.

अडतीस अंशांना रिम्मा अनवाणी उठली, ओसरीवर गेली आणि बर्फात घोट्यापर्यंत पाय बुडवून उभी राहिली. ग्लेब दारातून बघत होता. आता संपलं, त्याला वाटलं. आता ही बर्फात उभी राहून म्हणणार, थंडी वाजते! आणि घर जाणार, नदी जाणार, सफरचंदं जाणार, आणि आपण सातव्या मजल्यावर बसून कुणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टचा आवाज ऐकत मरणार! हे काय चाललंय? माणसाने प्रामाणिकपणे, जास्तीचं घेऊन ठेवलं, त्याची ही शिक्षा?

"रिम्मा," तो हळूच म्हणाला, "थंडी वाजतेय का गं?"

"हात्‌! अजून दहा मिनिटं तरी नाही," रिम्मा म्हणाली, आणि बर्फाचा गोळा करून तिने मानेला चोळला.

रात्री दोघी बहिणी झग्यांवर झोपल्या. सकाळी ग्लेब घाबरत घाबरत स्वयंपाकघरात आला, तर निनेल ओसिपोव्हना गुडघा वर करून बघत होती. वाकवत होती, सरळ करत होती.

"रिम्मा, दुखत नाही गं!"

"माझी कंबर पण नाही! न्हाणीतून निघाल्यासारखं मोकळं वाटतंय बघ!"

ग्लेबला कळेना, हसावं की रडावं. तेवढ्यात त्याला झडप बंद करायची आठवण झाली. हात वर केला आणि तो तसाच राहिला. झडपेखाली ती पांढरी डबी होती. तिच्यावर बोटभर बर्फ जमला होता. बाहेरची सगळी हवा रात्रभर तिच्या टाळक्यावर पडत होती, आणि ती बिचारी बॉयलरला खरंच कळवत होती, की मी गारठून मरतेय, आणखी जाळ!

'कुठल्या गाढवाने ही इथे...' असं मनात म्हणताना ग्लेबला तो गाढव आठवला. मग तो निकानोरवर, येफिमवर, एदुआर्दवर आणि डबी बनवणाऱ्यांवर एकदम रागावला. त्याने झडप बंद केली, बर्फ पुसला आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "कारखान्यातला दोष होता. मी दुरुस्त केला!"

दुपारपर्यंत घरात बरोबर बावीस अंश झाले. ग्लेब समाधानाने चहा पीत होता. आणि रिम्माने शाल ओढून घेतली.

"ग्लेब," ती म्हणाली, "मला नाही म्हटलं तरी जरा थंडी..."

"थांब!" ग्लेब किंचाळला. "म्हणू नकोस! पुढचं म्हणू नकोस! शाल म्हणजे थंडी नव्हे! शाल नुसती शोभेला!"

"बोलू दे तिला," निनेल लोकरी बूट चढवत म्हणाली. "माझा गुडघा परत धरला. हे काय, सुरू असलेलं बंद का केलंस तू?"

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय करावं? बटणाला हात लावता येत नाही, निकानोर सोफ्यावर सुट्टीवर आहे. ग्लेब खिडकीशी गेला, झडप उघडली, आणि डबीला हवा नीट लागते ना ते बघत तिथेच खुर्ची टाकून बसला. झडप जास्त उघडली की डबी गोठते आणि दोघी ओरडतात, फार उकडतंय! कमी उघडली की शाली बाहेर येतात. म्हणजे बोटाने झडप धरून, बॉयलरचा आवाज ऐकत, इकडे रेसभर तिकडे रेसभर करत बसणं आलं. बहिणी पलीकडे झग्यांवर बसून पत्ते खेळत होत्या आणि ग्लेब कोट, कानटोपी, हातमोजे घालून उणे अठ्ठावीसच्या झोतात बसला होता. एकदा येफिम कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत राहिला.

"काय रे, बॉयलर चालत नाही का?"

"उत्तम चालतोय!" ग्लेब दात वाजवत ओरडला.

चौथ्या दिवशी सकाळी रिम्मा म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. मला एकदाही थंडी वाजली नाही. मी राहते इथे. निनेलही राहतेय, वसंतापर्यंत."

हे ऐकायला ग्लेब जन्मभर थांबला होता. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून एवढी मोठी शिंक निघाली, की फरच्या झाडाच्या उरल्यासुरल्या सुया गळाल्या. मग दुसरी. मग खोकला. निनेलने त्याच्या कपाळाला हात लावला.

"ताप आहे याला. एकशे एक टक्के!"

"याला गावची हवा सोसत नाही," रिम्मा काळजीने म्हणाली. "मला पहिल्यापासून संशय होता. ग्लेब, तू आपला शहरात जा. फ्लॅटमध्ये उबेत पड. बरा झालास की बघू."

"मी?" ग्लेबचा आवाज बसला होता, म्हणून त्याला नीट ओरडताही येईना. "मी जाऊ? आणि डबी? डबीजवळ कोण बसणार?" मग नाइलाजाने त्याने सगळं सांगून टाकलं. खिळा, झडप, हवा, बोटाचं रेसभर गणित.

"अरे, ती होय?" निनेल म्हणाली. "मला परवाच कळलं. रात्री तू झोपलास ना, की मी तिच्यावर पिशवीत भरून बर्फ टांगते. झडप बंद. छान चालतं."

"मग मी दोन दिवस खिडकीत का बसलो होतो?"

"आम्हाला वाटलं, ताजी हवा घेतोयस," रिम्मा म्हणाली. "तुला भारी हौस ना त्या हवेची!"

त्याची पिशवी भरली गेली. येफिमने स्टेशनपर्यंत सोडायला गाडी काढली. प्रवासाआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं असतं, तशी तिघं बोळातल्या बाकावर बसली. ग्लेब दोन शालींत गुंडाळलेला होता, दोघी बहिणी झग्यांवर होत्या. खिडकीतून गोठलेली नदी दिसत होती. तिच्यावर कुणीतरी भोक पाडून मासे धरत होतं.

ग्लेब उठला. निनेल ओसिपोव्हनाने त्याच्या हातात आपल्या फ्लॅटची किल्ली ठेवली.

"जातोच आहेस तर माझ्या कुंड्यांना पाणी घालत जा," ती म्हणाली. "आणि हो, आमच्या जिन्याकडची लिफ्ट अडकलीय. जरा बघशील?"